एकनाड बहात्तर

“मशीन खोटं बोलत न्हाई.”

हे वाक्य बन्सीधर एरवी दिवसातून दहा-बारा वेळा म्हणायचा आणि सोयाबीनच्या हंगामात दीडशे वेळा. बोरीच्या धान्यबाजारात, मोंढ्यात, एका आडतीवर तो हवा बघायचा. सोयाबीनची हवा म्हणजे त्यातला ओलावा. ओलाव्याला हवा का म्हणायचं, हे मोंढ्यात कुणी कुणाला विचारत नाही. बन्सीधर पोत्यात हात खुपसायचा, मूठभर दाणे मशीनच्या वाटीत ओतायचा, झाकण आवळायचा आणि खिडकीत आकडा उमटला की तो आकडा हायकोर्टाचा निकाल वाचावा तसा वाचायचा.

“चौदा हवा.”

“आवं बन्सीकाका, चार दिस पत्र्यावर वाळवलंय. दात लागंना त्याला.”

“तुला वाटतं वाळलंय. मशीनला वाटत न्हाई. मशीनला दिसतं.”

घरीही तेच. अंगणात पाऊस मोजायची बाटली होती, दूध तपासायची नळी होती, एक थर्मामीटर होता. मनकर्णाला, म्हणजे त्याच्या बायकोला, कणकण आली की बन्सीधर आधी थर्मामीटर लावायचा. थर्मामीटर नाही म्हणाला तर कपाळाला हात लावायचं काम वाचायचं.

अशा माणसाच्या आयुष्यात एकच माप राहून गेलं होतं. मुलगी राजेश्री जन्मली ती वेळ. त्या दिवशी पाऊस फार होता आणि बन्सीधर बाटलीपाशी उभा होता. त्या दिवसाचा पाऊस त्याच्या वहीत आहे, बावन्न मिलिमीटर. मुलगी किती वाजता झाली ते नाही. दवाखान्यातल्या नर्सला विचारलं तर ती म्हणाली, लाईट गेली तेव्हा झाली. लाईट त्या दिवशी सहा वेळा गेली होती.

म्हणून राजेश्रीची पत्रिका नावावरून काढली. ‘रा’वरून मध्य नाडी निघाली. पूर्णेच्या बजरंगचं स्थळ आलं तेव्हा ‘ब’वरून त्याची अंत्य नाडी निघाली. नाडी वेगळी, म्हणजे बरं. दोघांची एकच निघाली असती तर एकनाड, आणि एकनाडीला पोरंबाळं होत नाहीत असं सगळे मानतात. बजरंग रेल्वेत पॉइंट्समन होता, सिगरेट ओढत नव्हता, राजेश्रीला मेडिकलच्या दुकानातली नोकरी सोड म्हणत नव्हता. सगळं जमलं. फक्त बजरंगची आई सगुणाबाई निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाली होती, “नावावरची नाडी ती. खरी कुणी बगितली?”

बन्सीधरनं ते ऐकलं नव्हतं. तो पाहुण्यांच्या चपला मोजत होता, निघताना कमी पडू नयेत म्हणून.

*

कुंकू-टिळ्याला, म्हणजे साखरपुड्याला, नवऱ्या मुलाला कपडे आणि घड्याळ करायची रीत. बन्सीधर घड्याळासाठी परभणीला गेला.

दुकानदार म्हणाला, “काका, काटेवालं कोण घालतं आता? हे घ्या. नाडी दाखवतं, ऑक्सिजन दाखवतं, पावलं मोजतं, मनावरचा ताण मोजतं. आणि फोनातून मराठीत बोलतं.”

“बीपी?”

“बीपीपण.”

“हवा?”

दुकानदारानं डबा उलटा करून पाहिला. “ते पुढच्या मॉडेलात येणारंय,” तो म्हणाला.

एकावर दोन फुकट होती. एक जावयाला, एक राजेश्रीला आणि एक बन्सीधरनं तिथंच मनगटावर चढवलं. दोन दिवस त्यानं ते पारखलं. सकाळी उठल्यावर नाडी बहात्तर. मोंढ्यात पोती सरकवल्यावर बहात्तर. मालकाशी भांडण झालं तेव्हा बहात्तर. मोटरसायकलवरून पडता पडता वाचला तेव्हा बहात्तर. बन्सीधरला स्वतःबद्दल आदर वाटायला लागला.

“आबा,” राजेश्री म्हणाली, “ह्या घड्याळाला हात सापडला न्हाई की ते बहात्तर म्हणतं. आमच्या दुकानात असलीच होती, लोकांनी वापस आणून दिली.”

“तुझा आबा घट्ट मनाचा हाय, असं न्हाई का वाटत तुला?”

“न्हाई.”

“मशीन खोटं बोलत न्हाई,” बन्सीधर म्हणाला आणि विषय संपला.

*

*नाडी ७२. पावलं ३१२. ताण: कमी. तुम्ही शांत आहात.*

कुंकू-टिळा रविवारी सकाळी, घरापुढं ताडपत्रीच्या मांडवात. सतरंजीवर एका बाजूला पूर्णेचे लोक, एका बाजूला बोरीचे. बोरीच्या बाजूला महारुद्र बुंदीचं ताट घेऊन बसला होता. महारुद्र म्हणजे ज्याच्या सोयाबीनला आदल्या दिवशी चौदा हवा निघाली तो. बाराच्या वर हवा गेली की भाव तुटतो, म्हणून माल तसाच मोंढ्यात पडून होता. तरी तो आला होता, कारण शेजारी होता, आणि बुंदी होती.

राजेश्रीला कुंकू लागलं. बजरंगला टिळा लागला. कपडे दिले. मग बन्सीधर उठला, घसा साफ केला आणि घड्याळाचा डबा उघडून सगळ्यांना फिरवून दाखवला.

“घड्याळ कुणीबी देतं. हे अंगातलं सांगतं. माणूस लपवील, हे लपवत न्हाई. मशीन खोटं बोलत न्हाई.”

टाळ्या पडल्या. बजरंगनं घड्याळ बांधलं. आता ते त्याच्या फोनला जोडायचं होतं. त्यानं फोनवर बोट दाबलं आणि फोनातली बाई अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

“जोडी जुळवत आहे. कृपया जवळ या.”

बायका पदराआड हसल्या. राजेश्री खाली बघायला लागली. बजरंग लाजून जरा फोनाजवळ सरकला.

“जोडी जुळली नाही,” बाई म्हणाली. “जुनी जोडी विसरा. दुसरी शोधा.”

कुणाच्या तरी ताटात बुंदी पडली तेवढी ऐकू आली.

“जुनी कोनती?” मनकर्णानं विचारलं.

“कानातल्या हेडफोनची,” बजरंग म्हणाला. त्याचे कान त्या हेडफोनच्या रंगाचे झाले होते, म्हणजे लाल. “फोन आधी त्याला जोडलेला हाय, मामी.”

“विसर मग लवकर,” सगुणाबाई म्हणाली.

बजरंग विसरला. जोडी जुळली. बाई खूश झाली आणि कुणी विचारलं नसताना म्हणाली, “तुमची नाडी: बहात्तर.”

“पोरीचीबी बगा की,” बजरंगचे वडील रंगनाथ म्हणाले. रंगनाथ हे रेल्वेतून रिटायर झालेले गरीब स्वभावाचे गृहस्थ होते. समारंभात आपणही काहीतरी बोललं पाहिजे एवढीच त्यांची इच्छा होती.

राजेश्रीचं घड्याळ आधीच जोडलेलं होतं. तिनं नाइलाजानं बटण दाबलं. तिचा फोन म्हणाला, “तुमची नाडी: बहात्तर.”

“हे बगा,” रंगनाथ दोन्ही हात पसरून म्हणाले, “दोघांची नाडी एकच.”

पुढचे काही क्षण त्यांनी आयुष्यभर लक्षात ठेवले असतील. बायको आपल्याकडं अशी का बघतेय हे त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं.

“एकच?” सगुणाबाई म्हणाली.

*

*नाडी ७२. पावलं ३४०. ताण: कमी.*

“इहीणबाई, ही नाडी वेगळी. ही हाताची नाडी.”

“नाडी हातालाच असती. वैद्य कुठं बगतो? पायाला?”

“तसं न्हाई. पत्रिकेतली नाडी—”

“पत्रिका नावावरची हाय. जन्माची वेळ तुमच्याजवळ न्हाई. पाऊस हाय.”

“आई, हे ठोके हायत,” बजरंग म्हणाला. “मिनिटाचे.”

“तू बस. तुझं जुनं काय ते नीट विसरलास का बग आधी.”

“आत्याबाई, बहात्तर कुणाचेबी असतात,” राजेश्री म्हणाली. “साधी गोष्ट हाय. घड्याळच—”

“राजेश्री,” बन्सीधर म्हणाला.

ती थांबली. वाक्य पुढं कुठं जाणार हे बन्सीधरला दिसलं होतं. ‘घड्याळच खोटं’ असं एकदा त्याच्या दारात, त्याच्या मांडवात, त्याच्या मुलीच्या तोंडून निघालं की पलीकडं बुंदी खात बसलेला महारुद्र खायचा थांबणार. आत्तासुद्धा त्याचा हात ताट आणि तोंड यांच्यामध्ये अधांतरी होता.

“तुमीच म्हणले न्हवं,” सगुणाबाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. “माणूस लपवील, हे लपवत न्हाई. आमी काय उगं म्हणतो का? माझ्या बहिणीच्या पोरीचं एकनाडीत झालं. सात वर्षं झाली, पाळणा न्हाई. मला माझ्या दारात तसं नको. मशीननं वेळेवर सांगितलं, उपकार समजा.”

हा घाव खरा होता. त्याच्यावर ठेवायला बन्सीधरजवळ कुठलाच आकडा नव्हता.

मग त्याला सुचलं. मशीनला खोटं ठरवायचं नाही. आकडाच बदलायचा.

“जावईबापू,” तो म्हणाला, “जरा पाण्याच्या टाकीपतोर पळून या.”

“कामून?”

“नाडी वाढल. दोघांची वेगळी झाली की मिटलं.”

कुंकवाच्या दिवशी नव्या कपड्यात, कपाळाला टिळा आणि गळ्यात हार घातलेला नवरा मुलगा बोरीच्या रस्त्यानं पळताना लोकांनी पाहिला. पोरगं पळून जायलाय, असं टाकीजवळच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं. दोघंजण त्याला धरायला उठले. त्यांनी त्याला धरून मांडवात परत आणलं, आणि त्यामुळं तो जाताना जितका पळाला त्याहून येताना जास्त दमला.

त्याचं धापा टाकणं चार घरांना ऐकू जात होतं. बटण दाबलं.

“तुमची नाडी: बहात्तर. आज चाललेली पावलं: नऊ.”

“नऊ?” बजरंग म्हणाला. तो पायरीवर बसला.

“मग पोरीची कमी करू,” रंगनाथ म्हणाले. चुकीची भरपाई करायची त्यांना घाई झाली होती. “पोरी, डोळे मीट. देवाचं नाव घे.”

राजेश्रीनं डोळे मिटले. बहात्तर.

“घाबरव तिला कुणीतरी.”

राजेश्रीनं डोळे उघडून सगुणाबाईकडं पाहिलं. बहात्तर.

आता सगळ्यांनाच चेव आला. राजेश्रीचं घड्याळ हातोहात फिरायला लागलं. बोरीच्या एका म्हातारीला बहात्तर. पूर्णेच्या पहिलवान चुलत्याला बहात्तर. नको नको म्हणत असताना सगुणाबाईच्या हिरव्या बांगड्या वर सारून तिला बांधलं. बहात्तर. सासू-सुनेचं पटंल मग, असं कुणीतरी मागून म्हणालं. रंगनाथांना बांधलं. बहात्तर.

बन्सीधरला वाटलं, सुटलो. “बगा इहीणबाई. तुमची बहात्तर, इवायांची बहात्तर. तुमचीबी एकनाड. आणि तुमाला तीन लेकरं हायत.”

सगुणाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. बत्तीस वर्षांचा संसार तिच्या डोळ्यांपुढून एखाद्या मालगाडीसारखा सावकाश, डबा डबा करत गेला.

“म्हणूनच,” ती म्हणाली.

“म्हणूनच काय?” रंगनाथांनी विचारलं.

“काय न्हाई. आता समजलं.”

*

*नाडी ७२. पावलं ३५५. ताण: कमी. शाब्बास.*

राजेश्रीनं बापाला माळवदाच्या जिन्याखाली ओढलं. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं जरा खाली उतरलं होतं.

“आबा, बोला की ते.”

“काय?”

“तुमाला माहीत हाय काय.”

“अगं, महारुद्र बसलाय तिथं. मोंढ्यातले निम्मे बसलेत. उद्या माझ्या मशीनला कोण मानंल? बावीस वर्षं झाली मी—”

“आबा, मला हा मुलगा पायजे.”

मुलीनं बापाला असं सरळ सांगायची त्या घरात पद्धत नव्हती. बन्सीधरनं सवयीनं मनगटाकडं पाहिलं. आत काहीतरी धाडधाड चाललं होतं, कानात ऐकू येत होतं, गळ्यापाशी उडत होतं. घड्याळात बहात्तर होते.

तो मांडवात परत आला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. सगळे त्याच्याकडं बघत होते. त्यानं हात जोडले, “इवाई, इहीणबाई, माझं एक ऐका, हे जे मशीन हाय हे—”

त्याच्या खिशातला फोन जागा झाला.

“तुम्ही बराच वेळ बसला आहात,” बाई म्हणाली. “आता उठा.”

पूर्णेकडच्या लोकांनी एकमेकांकडं पाहिलं.

“ती मला म्हणली,” बन्सीधर घाईनं म्हणाला.

“तुमी तर उभेच हाव,” पहिलवान चुलता म्हणाला.

“उठा,” बाई म्हणाली. “थोडे चाला. बाहेर जा.”

सगुणाबाई उठली. ती उठली म्हणून रंगनाथ उठले. ते उठले म्हणून सगळी सतरंजी उठली. चपला शोधायला सुरुवात झाली. चपला बरोबर होत्या, बन्सीधरनं मोजून ठेवल्या होत्या, त्यामुळं कुणाला शोधायला फारसा वेळही लागेना.

“थांबा,” मनकर्णा म्हणाली.

पळापळ सुरू झाल्यापासून ती आत होती. पन्नास माणसांचं वरण खाली लागू नये म्हणून ढवळत होती, आणि राजेश्रीचं घड्याळ कुणीतरी तिच्या हातात बांधून पळालं होतं. त्या घड्याळाच्या हिशोबानं ती सकाळपासून अकरा किलोमीटर चालली होती. आता तिच्या एका हातात ते घड्याळ होतं आणि दुसऱ्या हातात वरवंटा. वरवंट्याला अजून खोबरं चिकटलेलं होतं.

तिनं चौरंगावर वरवंटा उभा केला, पदरानं पुसला, त्याच्या कमरेला घड्याळाचा पट्टा आवळला, आणि राजेश्रीला म्हणाली, “दाब.”

राजेश्रीनं दाबलं. घड्याळाच्या पोटाखालचा हिरवा दिवा काळ्या दगडावर लुकलुकला. बराच वेळ लागला. दगडाचं वय जास्त होतं.

“तुमची नाडी: बहात्तर,” बाई म्हणाली. “ऑक्सिजन: अठ्ठ्याण्णव. ताण: कमी. तुमची तब्येत उत्तम आहे.”

कुणी हसलं नाही. सगळे वरवंट्याकडं बघत होते. त्याची तब्येत खरोखरच उत्तम दिसत होती.

“ह्याच्याशीबी एकनाड हाय तुमच्या लेकाची,” मनकर्णा म्हणाली. “माझ्या सासूनं आणलेला हाय. बारशाला त्याला टोपडं घालून पाळण्यात फिरवतो आमी. तेवढंच काय ते लेकरासारखं त्याच्यात.”

सगुणाबाई खाली बसली. वरवंट्याला तिनं बोट लावून पाहिलं. थंड होता.

“बरं,” ती म्हणाली. “आता दोनच गोष्टी हायत. दगड जिता हाय, न्हाई तर मशीन खोटं हाय. ते मी बाईमाणसानं काय सांगावं? मशीनवाल्यानं सांगावं.”

सगळ्या माना बन्सीधरकडं वळल्या.

एक क्षणभर, आणि हे त्यानं नंतर कुणाला सांगितलं नाही, दगड जिता आहे असं म्हणून बघावं हा विचार त्याच्या मनात येऊन गेला. बावीस वर्षांत त्यानं याहून अवघड गोष्टी लोकांच्या गळी उतरवल्या होत्या. मग त्याला राजेश्री दिसली. ती त्याच्याकडं बघतच नव्हती. ती पायरीवर बसलेल्या बजरंगला पाण्याचा तांब्या देत होती, आणि तो तांब्या घेताना हातातल्या घड्याळाकडं न बघता तिच्याकडं बघत होता.

“मशीन खोटं बोलतं,” बन्सीधर म्हणाला.

“ऐकू न्हाई आलं,” महारुद्र म्हणाला.

“मशीन खोटं बोलतं.”

“पाठीमागच्यांसाठी एकदा, बन्सीकाका.”

“मशीन खोटं बोलतं! झालं समाधान?”

सगुणाबाईनं मान हलवली. तिनं बजरंगच्या मनगटावरचं घड्याळ काढायला लावलं, राजेश्रीला आणि त्याला आपल्यापुढं बसवलं आणि एकेकाचा हात धरून अंगठा दाबून स्वतः मोजलं. ओठ हलत होते. बजरंगची नाडी पळून आल्यामुळं अजून उडत होती. राजेश्रीची पण उडत होती, पळाली नसताना.

“वेगळी हाय,” सगुणाबाई शेवटी म्हणाली. “हिची जास्त.”

तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली. वरण थोडं लागलंच होतं, पण सगळ्यांनी छान म्हणून खाल्लं. फक्त रंगनाथ जेवताना अधूनमधून बायकोकडं बघत होते आणि विचारत होते, “म्हणूनच म्हणजे काय?”

महारुद्रनं बुंदी संपवली, हात धुतला, टॉवेलला पुसला आणि निघताना बन्सीधरच्या खांद्यावर हात ठेवला.

“लय मोठं मन केलं, काका,” तो म्हणाला. “सकाळी येतो मोंढ्यात.”

*

सोमवारी सकाळी आठला आडतीच्या मालकाचा फोन. पलीकडचं काही ऐकू आलं नाही, अलीकडचं असं:

“हो मालक.

“न्हाई, ते घड्याळाबद्दल म्हणलो मी.

“हो, ‘मशीन’ म्हणलो. शब्द तोच निघाला.

“तीनदा. हो. तिसऱ्यांदा वरडून.

“किती लोकं म्हणले? …एवढे?

“वरवंटा कामून आणलाय त्यांनी?

“न्हाई मालक, मशीनच्या वाटीत वरवंटा बसत न्हाई.

“आलोच.”

*

मोंढ्यात चाळीस-पन्नास पोती उभी होती आणि त्यांच्यापुढं महारुद्र उभा होता. वाद झाला नाही. वाद व्हायला दोन बाजू लागतात, आणि बन्सीधरची बाजू त्यानंच रविवारी मांडवात तीनदा सांगून टाकली होती. मशीन टेबलावर होतं. कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं. त्याच्यावर कुणीतरी टॉवेल टाकला होता.

“मग हवा बगायची कशी?” मालकानं विचारलं.

“जुन्या लोकांसारखी,” महारुद्र म्हणाला. “दातानं. दाणा फोडायचा. कट्‌कन तुटला तर वाळला, चेपला तर ओला. आमच्या आज्याच्या काळात असंच होतं.”

“कुणाच्या दातानं?”

सगळ्यांचं एकमत झालं. माणूस खरा आहे. पोरीच्या कुंकवात, एवढ्या लोकांत, स्वतःच्या पोटावर पाय देऊन खरं बोलला. हवा आता बन्सीकाकानंच बघावी. आपल्या दातानं.

बन्सीधरच्या बावीस वर्षांत त्याच्यावर इतका विश्वास कुणी टाकला नव्हता. त्याला भरून आलं. त्याच वेळी त्याला आठवलं की वरचे-खालचे मिळून सगळे दात त्यानं मागच्या उन्हाळ्यात काढले होते, आणि तोंडात आहे ती कवळी जिंतूरच्या डॉक्टरनं माप घेऊन बसवलेली आहे. हे मनकर्णाला माहीत होतं आणि डॉक्टरला. इतरांना तो सांगत आला होता की गालाला सूज आहे.

महारुद्रच्या पोत्यातला दाणा त्यानं तोंडात टाकला. चावला. कळलं काहीच नाही. कवळीवर दाणा फुटला की चेपला की घसरला, हे त्या कवळीलाच माहीत, आणि ती बोलत नव्हती. बन्सीधरनं वर बघितलं, डोळे बारीक केले.

“बारा,” तो म्हणाला.

महारुद्र हसला. चौदाची बारा झाली होती. मागच्या शेतकऱ्यानं पोतं पुढं ओढलं. दाणा, चावा, डोळे बारीक.

“बारा.”

तिसरं पोतं. हे पोतं खरं तर दिसायलाच ओलं होतं. त्यातनं वाफ यायचीच बाकी होती.

“बारा.”

महारुद्र हसायचा थांबला. तो जरा जवळ आला. त्यानं मान तिरकी करून बन्सीधरच्या तोंडाकडं निरखून पाहिलं.

“बन्सीकाका,” तो म्हणाला, “दात तुमचेच हायत न्हवं?”

“माझेच,” बन्सीधर म्हणाला, आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. तिसऱ्या पोत्यातला दाणा कवळीखाली जाऊन बसला होता.